माहेरच्या खाचरातला फ्लॅट

विमलबाईंपुढे कुणी कागद ठेवला की त्या आधी चष्मा पदराने पुसायच्या, नाकावर नीट बसवायच्या आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. समोरचा जांभया देऊ दे, घड्याळ बघू दे, नाहीतर तोंडातल्या तोंडात शिव्या घालू दे. चौक गावाजवळच्या एका खेड्यात एकतीस वर्षं त्या अंगणवाडी सेविका होत्या. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी वरच्या एका मॅडमने जीपमध्ये बसल्या बसल्या त्यांची सही घेतली होती. महिन्याभराने कळलं, ती सही चार पोती गव्हाची होती आणि त्यातलं एकही पोतं कधी अंगणवाडीपर्यंत आलंच नव्हतं. म्हणजे पोरांच्या तोंडचा गहू विमलबाईंनी गिळला, असं कागद सांगत होता! त्यांना आठ दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. वाचल्याशिवाय सही नाही, मग समोर कलेक्टर का असेना.

आणि सही तरी कशी! शिक्षण सातवीपर्यंतचं, पण अक्षर मोत्यासारखं. पूर्ण नाव, वडिलांकडून नव्हे तर नवऱ्याकडून आलेलं आडनाव, खाली सरळ रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. रजिस्टरं तपासायला येणारी माणसंसुद्धा म्हणायची, बाई, तुमच्या सहीखालच्या रेघेवरून पट्टी बनवावी.

नवऱ्याचं चौकला हायवेला लागून गॅरेज होतं. तो गेल्यावर जागा विकली. बाई निवृत्त झाल्या, त्याचेही थोडे पैसे हातात आले. राहायला मात्र एका ढाब्याच्या मागची भाड्याची खोली. काय सांगावं त्या खोलीचं! ढाब्याच्या तेच तेच तळलेल्या तेलाचा वास अंगाला, अंथरुणाला, देवाच्या फोटोलासुद्धा मारायचा. भांड्यांचं खरकटं पाणी उंबऱ्याशी तुंबायचं, त्यात भाताची शितं फुगून वर यायची. रात्रीचं सोडा, भर दुपारी ट्रकवाले त्यांच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. विमलबाई खिडकीतून खाकरायच्या, तरी त्यांचं चालूच. शी! पासष्टीला आलेल्या बाईनं का हे बघत बसायचं? एक खोली, एक स्वयंपाकघर आणि आतून लावता येईल असा स्वतःचा दरवाजा, एवढंच त्यांना हवं होतं.

ते हर्षदने बरोबर हेरलं. हर्षद म्हणजे त्यांच्या भावाचा, सदूदादाचा मुलगा. पांढरा शर्ट, गळ्यात जाडजूड साखळी, गाडीच्या काचेवर ‘आई एकविरा प्रसन्न’ आणि धंदा फ्लॅट-प्लॉट मिळवून देण्याचा. एके दिवशी तो आत्याला गाडीत घालून भिसेगावला घेऊन गेला.

"आत्या, ओळख बघू कुठं आलो?"

विमलबाईंनी ओळखलं. सात मजली इमारतीच्या बाजूला ओढ्याची मोरी तेवढी जुनी उरली होती. हे मोरीचं खाचर. त्यांच्या वडिलांचं. ह्या चिखलात त्यांनी लावणी केली होती. इथेच एका कापणीला सोनुवहिनीच्या डाव्या अंगठ्यावर विळा बसला होता, आडवा, पार हाडापर्यंत. वहिनी नवी नवरी होती तेव्हा. विमलबाईंनी स्वतःच्या परकराची चिंधी फाडून तो अंगठा बांधला होता आणि चार दिवस वहिनीच्या वाटणीचं कापलं होतं.

सहा वर्षांपूर्वी दादाने खाचर बिल्डरला दिलं हे त्यांना माहीत होतं. बहिणीला विचारायची रीत नाही, त्यामुळे कुणी विचारलं नाही, आणि ह्यांनाही त्याचं काही वाटलं नाही. आता तिथे कमानीवर पितळी अक्षरांत नाव होतं, ‘पॅडी व्ह्यू रेसिडेन्सी’.

"म्हणजे काय रं?"

"भातशेतीचा नजारा, आत्या."

"कुठली भातशेती? ती तर तुमी बुजवली."

हर्षद खो खो हसला. "तुजं आपलं कायतरीच. अगं, बापाच्या खाचरात घर मिळतंय तुला. माहेरी आल्यागत ऱ्हाशील. बिल्डर आपला, एजंट आपला, जमीन आपली. आनखी काय पायजे?"

चौथ्या मजल्यावरच्या त्या रिकाम्या खोलीत विमलबाई उभ्या राहिल्या. दरवाजा आतून लावून बघितला. खटकन् बसला. परत उघडला, परत लावला. घ्यायचंच, असं त्यांनी तिथेच मनाशी ठरवलं.

लेकीने मात्र मोडता घातला. श्रद्धा शिळफाट्याला राहायची, एका पतपेढीत नोकरी करायची. ती फोनवर म्हणाली, "आई, आधी आपला वकील लाव. सगळे कागद तपासून घे."

"अगं, वकील भांडणाला लावतात. माझं कुणाशी भांडण आहे?"

"भांडण होऊ नये म्हणून लावायचा."

हे विमलबाईंच्या डोक्यात शिरेना. त्यांच्या माहेरच्या गावात वकील घरी आला म्हणजे घर फुटलं, एवढाच अर्थ. बांधावरून हाणामारी झाली की वकील. सून माहेरी निघून गेली की वकील. घर घ्यायचं तर नारळ, पेढे आणि चार वडीलधारी माणसं. सख्ख्या भाच्याकडून घर घेताना वकील लावणं म्हणजे जेवायला बसल्यावर यजमानाच्या देखत भात हुंगून बघण्यासारखं. कुणाच्या घरी असं करतात का?

तरीपण कागद वाचायचे हे ठरलेलंच होतं. त्या बिल्डरच्या ऑफिसात गेल्या. आत एसी इतका की हाडं गारठावीत. बिल्डरचा वकील तिथेच एका कोपऱ्यात बसायचा. हर्षद म्हणाला, "आत्या, हे आपले वकीलसाहेब. घेणाऱ्यांचं सगळं हेच बघतात. फुकट."

वकीलसाहेबांच्या गालात गुटख्याचा तोबरा होता. त्यांनी टेबलाखालची कचऱ्याची बादली पायाने पुढे ओढली, तिच्यात पिचकन् थुंकले, हाताने ओठ पुसले आणि तोच हात फाईलीवर ठेवला. लाल ओघळ बादलीच्या काठावरून खाली येत होता. विमलबाईंनी पदर नाकाला लावला.

"सगळं क्लिअर आहे काकी. टायटल एकदम स्वच्छ."

"फाईल घरी नेऊन वाचीन म्हणते."

"फाईल ऑफिसबाहेर जात नाही."

"मग इथं बसून वाचते."

"वाचून काय कळणार तुम्हाला? कायद्याची भाषा असते."

"मराठीच ना?"

तो हसला आणि परत बादलीत थुंकला. हर्षदही हसला. एकतीस वर्षं पोरांच्या हगवणी धुतल्या, शेंबूड पुसले, उवा काढल्या, कधी किळस वाटली नाही. आज वाटली. घरी येऊन त्यांनी आधी हात धुतले, मग लुगड्याचा पदर धुतला.

चार दिवसांनी हर्षद स्वतःच पेढ्याचा बॉक्स घेऊन खोलीवर आला. "तुला ऑफिस आवडलं नाय ना? हे बघ, करारच घरी आणला तुज्यासाठी." आणि त्याने पानं काढली. पंधरा-सोळा पानं, प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी, चिठ्ठीवर बाण. इथे सही, इथे सही, इथे सही.

विमलबाईंनी चष्मा पुसला. पहिलं पान घेतलं. त्याच्यावर आकडा होता नऊ. दुसऱ्यावर चौदा. मग एकवीस.

"बाकीची पानं?"

"त्याच्यावर सही लागत नाय, आत्या. म्हनून नाय आणली."

बघा हं! सही लागते तेवढीच पानं उचलून आणली, जशी जीपमधल्या मॅडमने एकच पान पुढे केलं होतं. विमलबाईंना त्या चार पोत्यांचा गहू आठवला. त्यांनी पानांची चवड नीट केली, पेढ्याच्या बॉक्सवर ठेवली आणि बॉक्ससकट परत केली.

"मी वकील लावतेय, हर्षद."

तो उठलाच एकदम. "आत्या! भाच्यावर वकील? लोकं आमच्या तोंडावर थुकतील!"

तासाभराने दादाचा फोन. "विमे, माज्यावर भरवसा नाय तुजा? आपल्या बापाची जमीन हाय ती. तिच्यात काय तपासायचं?" दादाचा आवाज कापत होता. विमलबाईंचा जीव तीळ तीळ तुटला. वडिलांच्या माघारी दादाच त्यांचं माहेर. दर भाऊबीजेला त्या ओवाळायला गेल्या, आणि आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, मला काही नको, माझं माहेर तेवढं राहू द्या. त्या दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवत होत्या. एकदा तर वकील नको असं सांगायला त्यांनी श्रद्धाचा नंबरही लावला. तेवढ्यात बाहेर खरकट्याचं पातेलं कुणीतरी उंबऱ्यावर उपडं केलं आणि शितं दरवाज्याच्या फटीतून आत आली. त्यांनी फोन ठेवला, केरसुणी घेतली, सगळं झाडून काढलं, आणि कपडे बदलून कर्जतची एसटी धरली.

श्रद्धाने सांगितलेली वकील, विनिता. कोर्टाजवळ झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली. वय पस्तीशीचं, बोलणं तुटक. चहा विचारला नाही, गोड हसली नाही. विमलबाईंनी आणलेलं फ्लॅटचं माहितीपत्रक आधी पूर्ण वाचलं आणि मगच तोंड उघडलं. एवढ्यावरूनच विमलबाईंना ती पटली.

"पन्नास वर्षांचे उतारे काढीन. वेळ लागेल. सगळं ठीक असेल तर ठीक सांगीन, नसेल तर नाही सांगीन. मधे कुणी फोन केला तर उचलणार नाही."

बारा दिवसांनी तिचा निरोप आला. विमलबाई गेल्या. वकिलीणबाईंनी दार लावून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, तुम्हाला सही येते?"

विमलबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "एकतीस वर्षं रजिस्टरं भरली मी! सही येते का म्हणजे?"

"सत्त्याण्णव सालीसुद्धा येत होती?"

"तेव्हा सेविका होऊन चार वर्षं झाली होती मला."

विनिताने एक कागद पुढे सरकवला. "तुमचे वडील वारले तेव्हा मोरीच्या खाचराच्या सातबाऱ्यावर तीन नावं लागली. आई, भाऊ आणि तुम्ही. आई गेल्यावर दोन उरली. मग सत्त्याण्णव साली तुम्ही हक्कसोडपत्र करून दिलंत. तुमचा अर्धा वाटा भावाला सोडला. हा त्याचा नोंदणी केलेला कागद. ह्याच्याच जोरावर भावाने जमीन विकली."

हक्कसोडपत्र काय ते विमलबाईंना सांगायला नको होतं. गावातल्या प्रत्येक लेकीने ते दिलेलं. भाऊ बोलावतो, मटण-भाकरीचं जेवण होतं, बहीण कचेरीत जाऊन सही नाहीतर अंगठा देते, भाऊ साडी नेसवतो, संपलं. त्या स्वतः कितीतरी दिवाळ्या वाट बघत होत्या की दादा कधी बोलावतो. त्याने बोलावलं नाही, तेव्हा त्यांना वाटलं, आपलं नाव लागलंच नसेल.

त्यांनी चष्मा पुसला. वाचायला लागल्या. लिहून देणार, विमल अमुक अमुक, वय पस्तीस. वय चुकलेलं. धंदा, घरकाम.

"घरकाम?" त्या एकदम म्हणाल्या. "मी सरकारची पोरं सांभाळत होते!"

आणि खाली, जिथे त्यांचं पूर्ण नाव, सरळ रेघ आणि दोन टिंबं असायला हवी होती, तिथे लिहिलं होतं, ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’. शेजारी काळा ठसा. आणि ठशाच्या मधोमध एक पांढरी, आडवी रेघ.

त्या रेघेकडे विमलबाई बघतच राहिल्या. ती रेघ त्यांना माहीत होती. त्या रेघेला त्यांनी स्वतःच्या हाताने चिंधी बांधली होती.

"खोटा कागद करायचा होता तर सही तरी गिरवायची," विनिता म्हणाली. "बाई आहे म्हणजे अंगठाच असणार, असं धरून चालले बहुतेक. तिथेच चुकले. आपण लढू शकतो. आणि तो फ्लॅट घेऊ नका. अर्धी जमीन तुमची, आणि तिच्यावरची एक खोली तुम्ही विकत घ्यायला निघाला होतात."

विमलबाई उठून गॅलरीत गेल्या, कठडा धरून उभ्या राहिल्या. कागदाची तारीख दिवाळीच्या आठ दिवस आधीची होती. आणि त्याच भाऊबीजेला दादाने त्यांना जांभळी, जरीकाठी साडी दिली होती. एवढी भारी साडी दादाने आयुष्यात दिली नव्हती. त्या चौकभर सांगत सुटल्या होत्या, माझ्या भावाने दिली म्हणून. श्रद्धाच्या लग्नात तीच नेसल्या होत्या. शी, शी, शी! हक्कसोडाची साडी नेसून त्यांनी लेकीची पाठवणी केली होती आणि मांडवातल्या दादाला, वहिनीला ते ठाऊक होतं. वहिनीने तर निऱ्यासुद्धा नीट करून दिल्या होत्या. ह्याच हातांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता विमलबाई माहेरी गेल्या. हातात कापडी पिशवी. सत्त्याण्णवचा कागद घेऊन येते असं फोन करून सांगितलं होतं, त्यामुळे हर्षद घरातच होता. चुलीवर मटण शिजत होतं, सोनुवहिनी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. विमलबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. झेरॉक्स काढून दादाच्या मांडीवर ठेवली.

दादाने ती उलटी सुलटी करून बघितली. मग खाली ठेवली.

"झालं ते झालं, विमे."

"मला का विचारलं नाय, दादा? एवढंच सांग. मी नको म्हनली असती?"

दादा जमिनीकडे बघत पुटपुटला, "तू सातवी शिकलेली. वाचत बसली असतीस. धा प्रश्न विचारले असतेस. नवरा तुजा हायवेवरचा, त्यानं कायतरी डोक्यात भरवलं असतं."

"मागितली असतीस तर दिली असती रं सही! हसत दिली असती!" विमलबाईंचा आवाज फाटला. "मी वाट बघत व्हते दादा, तू बोलवशील म्हनून. तुला चोरी करायची गरजच नव्हती. नसलेल्या गरजेपायी चोरी केलीस. किळस येते मला तुमची."

सोनुवहिनी तव्यावरची भाकरी उलटायची विसरली होती. विमलबाईंनी पिशवीतून जांभळी साडी काढली आणि तिच्यापुढे पाटावर ठेवली.

"ही घे, वयनी. अंगठा तुजा व्हता, मग साडी माज्या पेटीत कशाला?"

"वन्सं, मला हे घेऊन गेले…" सोनुवहिनी रडायला लागली. "म्हनले, तुज्या ननंदेला येळ नाय, तू लाव. मला काय कळतंय कागदाचं?"

"तुला कागदाचं नाय कळलं. तिथं माजं नाव सांगितलंस, ते तरी कळलं ना?"

हर्षद आत्तापर्यंत मोबाईलवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. तो पुढे आला, चेहऱ्यावर तेच हसू. मटणाचा वास, जळक्या भाकरीचा वास, त्यात त्याच्या सेंटचा वास, विमलबाईंनी परत पदर नाकाला लावला.

"आत्या, रागवू नको. म्हाताऱ्या माणसांचं जुनं परकरण हाय. मी बिल्डरशी बोललोय. चौथ्या मजल्यावरचा तोच फ्लॅट तुजा. एक पैसा देऊ नको. फकस्त ह्याच्यावर सही कर, की सत्त्याण्णवचा कागद तुला मान्य हाय." त्याने दोन पानं पुढे केली. तयारच ठेवली होती मेल्याने. शेवटच्या पानावर पिवळी चिठ्ठी, चिठ्ठीवर बाण.

चौथा मजला. आतून खटकन् बसणारा दरवाजा. विमलबाईंच्या डोळ्यांसमोर तो क्षणभर उभा राहिला. ढाब्यामागची खोली पण उभी राहिली, उंबऱ्याशी फुगलेल्या शितांसकट. केस कितीही वर्षं चालेल हे वकिलीणबाईने सांगितलं होतं. त्यांचं वय तिने विचारून घेतलं होतं.

त्या खाली बसल्या. चष्मा काढला. पदराने पुसला, नाकावर बसवला. पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. दादा बघत होता, हर्षद एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. तव्यावरची भाकरी काळी पडली, कुणी उतरवली नाही. दुसरं पान झालं. हर्षदने खिशातलं पेन काढून टोपण उघडून धरलं.

"वाचला," विमलबाई म्हणाल्या आणि पानं त्याच्या हातात परत दिली. "झकास लिवलाय. पन माजी सही कशाला मागतोस, बाबा? विमलचा अंगठा तुमच्या घरातच हाय. लावून घ्या."

सोनुवहिनीचा डावा हात पदराआड गेला. विमलबाई उठल्या, रिकामी पिशवी घडी करून काखेत घातली, ओट्यावर जाऊन चपला घातल्या. जेवून जा असं कुणी म्हणालं नाही. रस्त्यावर येऊन त्यांनी कोर्टाकडे जाणारी रिक्षा थांबवली.